कड्यावरून मांस आणि कातडं खाली आणताना

अलास्कात माउंटन गोटच्या शिकारीला गेलेल्या माणसाने गोळी झाडण्याआधी जनावर तर बघावंच, पण ते उभं आहे ती जागा अधिक नीट बघावी. हे पांढरं, लांब केसांचं जनावर कड्यांच्या भरवशावर जगतं. शेळ्यामेंढ्या आणि हिमालयातले गोरल, सेरो यांच्याच उपकुळातलं, पण खरी शेळी नव्हे. धोका जाणवला की ते पळून सपाटीला येत नाही, आणखी अवघड जागी चढतं. गोळी लागल्यावरही चार पावलं टाकून कड्याच्या टोकाला जातं आणि तिथून कोसळतं, असं वारंवार होतं. मग शिंगं मोडतात, मांस दगडांवर ठेचून निघतं आणि धड एखाद्या घळीत अडकून बसतं. म्हणून जाणते शिकारी एक पथ्य पाळतात: जिथून ओझं खाली आणता येणार नाही, तिथल्या जनावरावर बंदूक उचलायची नाही.

ओझं किती, ते आधी समजून घेऊ. मोठा नर शंभर किलोच्या वर भरतो. सगळी हाडं काढली तरी साधारण तीस किलो मांस उरतं, आणि डोक्यासकट ओलं कातडं पंधरा-वीस किलोला सहज जातं. त्यात तंबू, दोर, बंदूक, कपडे. एका खेपेत एका माणसाला हे झेपत नाही. दोघांनी वाटून घ्यायचं, नाहीतर दोन खेपा करायच्या.

काय आणायचं हे शिकाऱ्याच्या मर्जीवर नाही. अलास्काच्या कायद्यानुसार मान, छाती, बरगड्यांवरचं मांस, पुढचे पाय गुडघ्यापर्यंत, मागचे पाय नडगीच्या खालच्या सांध्यापर्यंत आणि कण्यालगतचं सगळं मांस आणावंच लागतं. शिंगं मांसाच्या आधी डोंगरावरून नेता येत नाहीत. पहिल्या खेपेत डोकं नेलं आणि मांसासाठी परत जायचा कंटाळा केला, ही पळवाट हा नियम बंद करतो. एका जिवाचं मोल ठरवणारा याहून सरळ नियम मला माहीत नाही.

जनावरापाशी पोचल्यावर पहिलं काम दोराचं. उतारावर धड हलवलं की घसरतं, आणि हातात सुरी असलेला माणूसही सोबत जाऊ शकतो. शिंगांना किंवा पायाला दोर बांधून तो भक्कम खडकाला अडकवायचा आणि स्वतःची बैठक जमली की मगच सुरी काढायची.

त्यानंतर घाई करायची ती उष्णतेमुळे. या जनावराच्या अंगावर वर लांब राठ केस आणि आत दाट लोकर असते. बर्फात जगवणारं हे पांघरूण मेल्यावरही आतली ऊब धरून ठेवतं. बाहेर बोचरा वारा असला तरी खुब्याच्या हाडाजवळचं मांस तासन्‌तास गरम राहतं आणि तिथूनच आंबायला लागतं. म्हणून कातडं लवकर उतरवायचं.

चीर कुठे द्यायची, हे कातड्याचं पुढे काय करायचं त्यावर ठरतं. पूर्ण जनावर पेंढा भरून उभं करायचं असेल तर बहुधा पाठीच्या मधोमध, नुसतं अंथरायला हवं असेल तर पोटाकडून. सुरीचं पातं आतून बाहेर चालवावं, म्हणजे केस कापले जात नाहीत. पुठ्ठ्यापाशी आलं की सुरीला खरा जोर पडतो. नर एकमेकांशी डोकी भिडवत नाहीत; उलट्या दिशांनी शेजारी उभे राहून दुसऱ्याच्या मागच्या भागात टोकदार शिंगं खुपसतात. त्यामुळे म्हाताऱ्या नराचं तिथलं कातडं जवळपास दोन सेंटीमीटर जाड झालेलं असतं. तिथे पातं दर थोड्या वेळाने परजावं लागतं. बोथट सुरीला जोर लावला की हात कापतो, आणि डॉक्टर फार दूर असतो.

अवघड उतारावर पोट न फाडता मांस काढण्याची पद्धत सोयीची पडते. एका कुशीचं कातडं सोललं की पुढचा पाय धरून वर ओढायचा. खांद्याला धडाशी जोडणारा हाडाचा सांधाच नसतो, नुसतं मांस असतं, त्यामुळे तो चटकन सुटतो. मागच्या पायाला खुब्याचा गोल सांधा शोधून त्यातली दोरीसारखी शीर कापावी लागते. मग कण्यालगतचा लांब पट्टा, मान, बरगड्यांमधलं मांस. धड उलटवून दुसरी कूस तशीच. शेवटी शेवटच्या बरगडीमागून हात घालून कण्याच्या आतल्या बाजूचे दोन मऊ पट्टे काढायचे. प्रत्येक तुकडा हवा खेळणाऱ्या कापडी पिशवीत जातो. प्लास्टिकच्या पिशवीत मांस घामेजतं आणि लवकर बिघडतं.

वजन पाठीवर कसं बसवायचं यातही शिकण्यासारखं आहे. मांस सॅकच्या तळाशी टाकलं तर ते माणसाला मागे ओढतं. चांगल्या सॅकमध्ये धातूची चौकट आणि पिशवी यांच्यात फट असते. मांस त्या फटीत, पाठीला चिकटून, घट्ट आवळायचं. भार खांद्यांवर न येता कमरेच्या पट्ट्यावर यावा. कातडं केस बाहेर राहतील असं दुमडून सर्वांत बाहेर बांधायचं.

उतरताना मोह होतो तो जवळच्या घळीचा. खाली नदी दिसत असते, घळ सरळ तिकडे जाते असं वाटतं, आणि मध्येच ती कड्यावर संपते. पाठीवर तीस किलो असताना तिथून परत चढणं जीवघेणं असतं. ज्या वाटेने चढलो आणि जी डोळ्यांनी पाहिली, तीच वाट धरावी, लांबची असली तरी. अंधार पडला तर थांबावं.

अलास्काच्या कोडियाक बेटावर आणखी एक भान लागतं. माउंटन गोट तिथे 1950च्या दशकात बाहेरून आणून सोडले. तपकिरी अस्वलं मात्र मूळची, आणि साडेतीन हजारांच्या आसपास. उरलेली खेप आतड्यांच्या ढिगापासून दूर, लांबून दिसेल अशा उघड्या जागी ठेवतात, म्हणजे परत येताना तिथे कोण बसलंय ते आधी कळतं. अस्वलाने ताबा घेतला असेल तर मुकाट्याने मागे फिरायचं.

तळावर मांस सावलीत, पावसापासून आडोशाला, हवेवर टांगतात. कातडं गुंडाळून ठेवणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. गुंडाळीत ऊब आणि ओल राहते, जिवाणू वाढतात आणि केस मुठीने गळतात. ते उलगडून पसरायचं, रक्ताचे डाग थंड पाण्याने धुवायचे, आतली चरबी आणि मांस खरवडून काढायचं. कान आतून उलटवायचे, ओठ चिरून पातळ करायचे, जाड पुठ्ठा तासायचा, कारण मीठ तिथवर शिरलं नाही तर केस तिथलेच आधी जातात. मग बारीक मीठ, साधारण कातड्याच्या वजनाइतकं, कडांपर्यंत चोळायचं. सुटलेलं पाणी निथळू द्यायचं आणि दुसऱ्या दिवशी ताजं मीठ लावायचं.

या जनावराच्या लोकरीची किंमत आग्नेय अलास्कातल्या त्लिंगिट जमातीच्या विणकरांना केव्हाच कळली होती. त्यांची प्रसिद्ध चिलकट वस्त्रं पारंपरिकपणे ही लोकर आणि पिवळ्या सीडरची साल यांपासून विणली जात.

मांसाला घरी आल्यावरही घाई नको. म्हाताऱ्या नराचं मांस चिवट असतं. थंड जागी काही दिवस टांगून ते मुरू द्यावं, कण्यालगतचे पट्टे भाजायला ठेवावेत, मान आणि नळ्या मंद आचेवर तासन्‌तास शिजवाव्यात, आणि बाकीच्याचा खिमा करावा.