उद्गार आणि उपपद : 'काय पाऊस!'चे इंग्रजी रूप

बेंगळुरूच्या पूर्वेकडील मारतहळ्ळीत नोकरीनिमित्त स्थिरावलेल्या मराठी माणसाला घरी मराठी, बाजारात कन्नड आणि कचेरीत इंग्रजी असा त्रिविध भाषाव्यवहार करावा लागतो. अवचित कोसळलेली सर पाहून तो 'काय पाऊस!' म्हणेल, त्याचा कन्नड शेजारी 'एंथ मळे!' म्हणेल. उपपदाची गरज दोघांनाही भासणार नाही. तोच उद्गार इंग्रजीत नेताना मात्र आधी एक निर्णय घ्यावा लागतो. पाऊस हे द्रव्य मानावयाचे, की एक घटना? द्रव्य मानल्यास 'व्हॉट रेन!'; घटना मानल्यास 'व्हॉट अ डाउनपोर!'.

नियम सर्वपरिचित आहे. गणनीय एकवचनी नामापूर्वी 'अ' किंवा 'ॲन' येते, अनेकवचनी व अगणनीय नामांपूर्वी येत नाही. म्हणून 'व्हॉट अ डे!', पण 'व्हॉट वेदर!'. तथापि 'पिटी', 'शेम', 'रिलीफ' ही भाववाचक नामे उद्गारात 'अ' घेतात, आणि 'फन', 'लक', 'नॉन्सेन्स' घेत नाहीत. याचे कारण असे, की येथे गणना शब्दाची नव्हे, अर्थाची होते. 'व्हॉट अ पिटी!' या उद्गारात करुणा मोजलेली नाही. खेद वाटावा अशी एक गोष्ट घडली, एवढेच सांगितले आहे.

या इवल्याशा उपपदाकडे आणखी एक काम आहे, आणि व्याकरणाच्या शालेय पुस्तकांत ते सहसा येत नाही. 'व्हॉट बुक?' हा प्रश्न, तर 'व्हॉट अ बुक!' हा उद्गार. मराठीत 'काय काम?' आणि 'काय काम!' यांतील भेद केवळ स्वराघातावर उभा असतो. इंग्रजीतही हा भेद सदैव इतका पक्का नव्हता : हॅम्लेटच्या मनुष्यविषयक प्रसिद्ध उद्गारात १६२३च्या फोलिओत 'अ' आहे, त्याआधीच्या दुसऱ्या क्वार्टोत नाही.

मराठीने भेद केले ते निराळ्या जागी. 'केवढा पाऊस!' म्हणताना आकार व जोर अभिप्रेत असतो, 'किती पाऊस!' म्हणताना परिमाण, 'कसला पाऊस!' म्हणताना प्रकार. यांतील 'किती' माणसांनाही चालते आणि पाण्यालाही. गणनीयतेची त्याला पर्वा नाही. अनुवादकाची खरी कसोटी 'कसला'पाशी लागते. 'कसला पाऊस पडला!' हे विस्मयाचे, 'कसला पाऊस! चार थेंब पडले' हे साफ नकाराचे. दुसऱ्या ठिकाणी 'व्हॉट अ डाउनपोर!' लिहिणारा अनुवादक मूळ अर्थ उलटा करतो. तेथे उपपदरहित प्रश्नच हवा : 'व्हॉट रेन?'