माशी पाण्यावर टेकते तेव्हा

ट्राउट मासा गरवणाऱ्यांतले काही जण गळाला गांडूळ लावत नाहीत, आमिषाचा गोळाही लावत नाहीत. सेंटीमीटरभर लांबीच्या गळावर ते रेशमी दोऱ्याने पिसाचे तंतू बांधतात आणि त्यांतून एक खोटा कीटक उभा करतात. हा कीटक पाण्यात बुडत नाही. पिसाच्या ताठ तंतूंवर तोल सावरत तो पाण्याच्या वरच वाहत जातो. त्याला ड्राय फ्लाय म्हणतात, म्हणजे कोरडी माशी. तिला जवळजवळ वजनच नसल्यामुळे ती भिरकावता येत नाही. म्हणून वजनदार दोरी हवेत मागेपुढे झुलवून फेकतात आणि माशी दोरीमागून जाते. इंग्लंडच्या हॅम्पशरमधल्या टेस्ट नदीकाठी फ्रेडरिक हॅलफर्ड या माणसाने या विद्येचं पार शास्त्र करून टाकलं. अशा तरंगत्या माश्या कशा बांधाव्यात यावरचं त्याचं पुस्तक 1886 साली निघालं.

या विद्येत मला सर्वांत थक्क करतो तो प्रश्न माशाच्या बाजूचा. पाण्याखाली वाट पाहणाऱ्या त्या माशाला वरची माशी दिसते तरी कशी?

प्रकाश हवेतून पाण्यात शिरताना वाकतो हे आपण शाळेत शिकलो. त्याचा माशाच्या जगण्यावर काय परिणाम होतो, ते मात्र तिथे कुणी सांगितलं नाही. माशाने वर पाहिलं की विहिरीच्या तळातून दिसावं तसं आकाश एका वर्तुळात गोळा झालेलं दिसतं. डोळ्यापाशी या वर्तुळाचा कोन सुमारे 97 अंशांचा असतो. काठावरची झाडं, समोरचा डोंगर, उभा असलेला माणूस, सगळं क्षितिज या वर्तुळाच्या कडेला चेपून बसवलेलं असतं. वर्तुळाबाहेर पाण्याची खालची बाजू आरसा होते आणि तिच्यात नदीचा तळच उलटा दिसतो. हे वर्तुळ म्हणजे माशाची वरच्या जगाकडे उघडणारी खिडकी. मासा एक फूट खोल असेल तर या खिडकीचा व्यास सुमारे सव्वादोन फूट असतो. तो वर येऊ लागला की खिडकी लहान होत जाते. चार इंचांवर आला की ती जेमतेम नऊ इंचांची उरते. घास घेण्याच्या क्षणी माशाजवळ आकाशाचा एवढासाच तुकडा उरलेला असतो, आणि त्यात ती माशी.

त्याआधी, माशी अजून खिडकीबाहेर असताना, ट्राउटला तिचं शरीर दिसत नाही. पाण्याच्या पृष्ठताणावर टेकलेल्या तंतूंनी जे बारीक खळगे पडतात, ते तेवढे त्या आरशात चमकतात. प्रवाह माशीला पुढे आणतो तसे तिचे पंख खिडकीच्या कडेवर आधी उगवतात, खालच्या शरीरापासून सुटल्यासारखे. मग दोन्ही भाग जुळतात आणि कीटक पुरा होतो. चांगली कोरडी माशी बांधणारा माणूस हा सगळा क्रम डोळ्यांसमोर ठेवून पिसं निवडतो. त्याला वरून काय दिसतं याला काहीच किंमत नसते.

ऑगस्ट सरताना या खेळाचं रूप पालटतं. वसंतात नदीतूनच वर येणारे मेफ्लाय हे ट्राउटचं मुख्य खाणं. पाण्यात महिनोन् महिने वाढायचं आणि पंख फुटल्यावर तोंड न चालणाऱ्या शरीराने दिवसभरात मरून जायचं, असं त्यांचं आयुष्य. उन्हाळ्याच्या शेवटी त्यांची गर्दी ओसरते आणि काठावरच्या गवतातून नाकतोडे, पंखांच्या मुंग्या, भुंगेरे पाण्यात पडू लागतात. पाणीही तापलेलं असतं. 10 अंश सेल्सिअसला लिटरभर पाण्यात 11 मिलिग्रॅमहून थोडा जास्त प्राणवायू विरघळतो, 20 अंशांना नऊच्या आसपास. थंड पाण्याच्या या माशाला तेवढा फरकही जाचतो. म्हणून जाणती माणसं पाणी 20 अंशांवर गेलं की दोरी गुंडाळतात. दमलेला मासा सोडून दिला तरी जगेलच असं नसतं.

भारतात ट्राउट आणला तो साहेबाने. स्कॉटलंडहून पाठवलेली पहिली अंडी वाटेतच नासली. पुढची 1900 च्या डिसेंबरात काश्मीरला पोचली. निलगिरीत एच. सी. विल्सन यांनी 1907 च्या सुमारास अव्हलांच इथे उबवणी केंद्र उभारलं. आपल्या गोव्यातल्या ओहोळांच्या उबदार पाण्यात मात्र ट्राउटने तग धरणं शक्य नाही.

तरीही आपल्या सह्याद्रीचं एक पीस त्या दूरच्या नद्यांवर पोचलं होतं. आपल्या राखी रानकोंबड्याच्या मानेवरच्या पिसांना टोकाशी मेणासारखे चकचकीत, पिवळसर पांढरे ठिपके असतात. पिसाची काडीच तिथे रुंद आणि चपटी झालेली असते. परदेशातले माशी बांधणारे या पिसासाठी जीव टाकत. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या लेटॉर्ट ओढ्यावर व्हिन्सेंट मॅरिनारो नावाच्या गृहस्थाला कोडं पडलं होतं. उन्हाळा सरताना ट्राउट सारखे वर येऊन काहीतरी टिपत, पण काय ते वरून दिसत नसे. ते तुडतुडे आणि तसलेच बारीक कीटक निघाले, भातावर पडले की आपला शेतकरी हैराण होतो त्याच जातकुळीतले. मॅरिनारोने ओळखलं की खालून पाहणाऱ्या माशाला त्यांची उंची जाणवत नाही, आकाशासमोर चपटी आकृती तेवढी दिसते. मग त्याने रानकोंबड्याचं एक चपटं पीस गळाच्या पाठीवर आडवं बांधलं. त्याचं पुस्तक 1950 साली आलं आणि ही बारकी माशी नावारूपाला आली. म्हादईच्या रानात पहाटे आरवणाऱ्या पक्ष्याचं पीस परक्या ओढ्यात तुडतुडा होऊन वाहिलं, हे मला फार विलक्षण वाटतं. आज हा पक्षी कायद्याने संरक्षित आहे आणि त्याची पिसं देशाबाहेर पाठवायला बंदी आहे, हे योग्यच झालं.

आता गोव्यात, डिचोली तालुक्यातल्या सर्वण गावी येऊ. युरोपातला उन्हाळा सरतो तेव्हा डिचोलीत चवथ जवळ आलेली असते. पावसाचा जोर ओसरतो, भात हिरवंगार उभं असतं, कुळागरांतून उतरणारे व्हाळ गढूळपणा टाकून निवळू लागतात. काजूच्या आणि आंब्याच्या फांद्यांवर हुमल्यांची पानांची घरटी लोंबत असतात आणि त्यांतले काही तांबडे हुमले पाण्यात पडतात. नाकतोडे पडतात, पंख झडलेल्या वाळव्या पडतात. लेटॉर्टवर पडत होतं तसलंच खाणं. ते खायला इथे कोण येतं?

पाण्याच्या अगदी वरच्या थरात, काठच्या गवताला लागून, बोटभर लांबीचा एक मासा स्थिर उभा असलेला दिसेल. पाठ चपटी, तोंड वर वळलेलं, वरचा पर पार शेपटीजवळ, अंगावर मागच्या बाजूला काळसर उभे पट्टे आणि डोक्यावर चांदीचा एक ठिपका. वरून पाहणाऱ्याला आधी तो ठिपकाच दिसतो. याचं शास्त्रीय नाव अप्लोखायलस लिनिएटस. भारताच्या द्वीपकल्पात आणि श्रीलंकेत तो राहतो. मत्स्यालयं ठेवणारे लोक त्याला जगभर पाळतात, आणि बहुधा त्यामुळेच तो जर्मन शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेत पोचला.

तिथे श्वार्ट्झ आणि पुढे हॉर्स्ट ब्लेकमान यांनी जे दाखवलं ते मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचलं. या माशाचे डोळे झाकले तरी तो पाण्यावर धडपडणारा कीटक अचूक गाठतो. प्रत्येक माशाच्या अंगावर पाण्याची हालचाल टिपणारी संवेदकांची रांग असते, तिला पार्श्वरेखा म्हणतात. या माशाने तिचा एक भाग डोक्याच्या माथ्यावर आणलेला आहे. तिथे 18 संवेदक असून ते दोन्ही बाजूंना तीन-तीनच्या गटांत मांडलेले असतात. मासा पृष्ठभागाला डोकं लावून उभा असतो तेव्हा हे सगळे संवेदक वरच्या तरंगांच्या वाटेवर असतात. तरंग आधी कोणत्या संवेदकाला भिडतो, यावरून दिशा कळते.

दिशा कळणं समजू शकतं. अंतर कसं कळतं, तिथे खरी गंमत आहे. पाण्यावर कीटक एकदा फडफडला की निरनिराळ्या लांबीचे तरंग एकत्र निघतात आणि सगळे एका वेगाने जात नाहीत. सुमारे 1.7 सेंटीमीटर लांबीचा तरंग सर्वांत सावकाश जातो, सेकंदाला जेमतेम 23 सेंटीमीटर. त्याहून आखूड तरंग पृष्ठताणाच्या जोरावर जास्त वेगाने पळतात. जितका आखूड तितका वेगवान. म्हणून कीटकापासून निघालेला जथा वाटेत पसरत जातो: बारीक थरथर आधी पोचते, संथ हेलकावे मागून. कीटक दूर असेल तर हे मागेपुढे होणं जास्त, जवळ असेल तर कमी. शिवाय जवळच्या कीटकाची वर्तुळं जास्त वाकडी असतात, दूरची सरळ होत आलेली. मासा या दोन्ही खुणा वापरतो. हे वाचन तो हातभर अंतराच्या आतच करू शकतो, पण ओहोळाच्या काठी तेवढं पुरतं.

1987 साली केझे आणि ब्लेकमान यांनी एका शोधनिबंधात याची तुलना समुद्रशास्त्रज्ञांच्या कामाशी केली. दक्षिणेच्या महासागरात वादळ झालं की त्याची लाट दिवसांमागून दिवस प्रवास करत गोव्याच्या किनाऱ्यापर्यंत येते. समुद्रात लांब लाटा आधी पोचतात, आखूड मागून. तरंगांच्या बाबतीत याच्या बरोबर उलट. पण हिशेब तोच: कोण आधी आलं आणि किती आधी आलं, त्यावरून वादळ किती दूर होतं हे काढायचं. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत ज्या भौतिकशास्त्रावर काम चालतं, तेच भौतिकशास्त्र डिचोलीच्या व्हाळातला बोटभर मासा रोजच्या जेवणासाठी वापरतो.

वारा आणि कीटक यांत तो गल्लत करत नाही. वाऱ्याने उठलेल्या तरंगांत सेकंदाला दहाच्या खालचीच आंदोलनं बहुतेक असतात. धडपडणाऱ्या पायांनी उठणारी थरथर शंभराच्या आसपासही जाते. आणि पाऊस पडून व्हाळ लाल मातीने गढूळ झाला, डोळ्यांसमोरची खिडकी धुरकटली, तरी तरंग वाहतच राहतो.

इथे ट्राउट आणि आपला मासा यांचे रस्ते स्पष्ट वेगळे होतात. दोरीच्या ओढीने कोरडी माशी पाण्यावर जराशी जरी घसरली, मागे रेघ उठली, तरी ट्राउट तोंड फिरवतो, कारण त्याच्या अनुभवातले मेफ्लाय प्रवाहाबरोबर निमूट वाहतात. ट्राउट गरवणाऱ्याची निम्मी हुशारी ही रेघ टाळण्यात जाते. आपला मासा मात्र ती धडपड शोधतच फिरत असतो.

याचाच एक छोटा भाऊबंद, अप्लोखायलस ब्लॉकी, गोव्याच्या आरोग्याच्या कामातही आला. डास पाण्यावर अंडी घालतात आणि त्यांच्या अळ्या श्वास घ्यायला वरच लटकतात, म्हणजे नेमक्या या माशाच्या तोंडाशी. मलेरिया पसरवणाऱ्या अॅनॉफिलिस स्टिफेन्सी डासाविरुद्ध गोव्यात या माशाच्या प्रत्यक्ष चाचण्या झाल्या, त्यांचे निष्कर्ष 1998 साली प्रसिद्ध झाले. याच कामासाठी इटलीहून 1928 साली भारतात गॅम्बुसिया हा मासा आणला गेला आणि गप्पी मासेही ठिकठिकाणी सोडले गेले. मला वाटतं, विहिरीत किंवा तळीत परदेशी मासा सोडण्याआधी तिथे आपला हा चांदीचा ठिपका आहे का, ते आधी पाहावं.

पाहायला कठीण नाही. चवथीनंतर उघडीप असेल त्या सकाळी, प्रवाह मंद असेल अशा बांधापाशी, पाण्यावर सावली न पाडता बसा. गवताच्या सुक्या काडीचं टोक पाण्याला हलकेच लावून थरथरवा, फार जोराने नको. काडी माशापासून चार बोटांवर असेल तर तो वळेल. पुढच्या वेळी काडी नुसती तरंगत सोडा, आणि तो वळतो की नाही ते बघा.