घडीच्या चाकूची मूठ

शिकारी चाकूंचा संग्राहक आधीं पातें पाहतो. परंतु चाकूचें पूर्वायुष्य मूठच सांगते. अमेरिकेंतील बक कंपनीनें १९६४ सालीं काढलेल्या ११० क्रमांकाच्या घडीच्या चाकूंत पितळी टोकांमध्यें आबनुसाचे तुकडे बसविलेले आढळतात. फ्रान्समधील ओपिनेल चाकूची नेहमींची मूठ बीच लांकडाची असते. आबनूस जड व घट्ट. बीच हलकें, परंतु ओल लागतांच फुगतें व पातें अडकतें, म्हणून त्यास वार्निश देतात. मात्र झळाळीच्या मोहानें जुनी मूठ घांसूं नये. घांसतांना लांकूड पितळेपेक्षां लवकर झिजतें व सांधा उंचसखल होतो. कोरडें फडकें पुरे. वर्षानुवर्षें हाताळून चढलेलें तेज एकदां गेलें, कीं तें कोणत्याहि दुकानांत विकत मिळत नाहीं.