देवराई

मुळशी तालुक्याच्या पश्चिमेस, ताम्हिणीच्या घाटमाथ्यावर, वर्षाकाठी ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. तरीही चैत्र-वैशाखात तेथील उघडे माळ करपतात व ओढे आटतात. अशा रखरखाटातही एखाद्या गावाच्या कडेला गर्द झाडीचा तुकडा हिरवागार दिसतो. हीच देवराई, कोकणात तिला देवरहाटी म्हणतात. हे रान देवाचे, येथील वाळकी काटकीही घरी नेऊ नये, नेल्यास देव कोपतो, अशी वाडवडिलांची शिकवण आहे.

ही शिकवण खरी मानावी काय? पूर्वज सांगत आले, एवढ्यावरून ती खरी ठरत नाही. जुनी आहे, एवढ्यावरून खोटीही ठरत नाही. तिचे भाग निरनिराळे करून पाहिले पाहिजेत. काटकी नेणारा आजारी पडतो, हा एक भाग. परंतु काटकीला हातही न लावणारे लोक आजारी पडतातच. तेव्हा हे बुद्धीला पटत नाही. रान तोडू नये, हा दुसरा भाग. त्याची परीक्षा घ्यावयाची तर देवराईतील माती हातात घेऊन पाहावी. वर पालापाचोळ्याचा जाड थर, खाली काळी, भुसभुशीत, ओलसर माती आणि तीत मुळांचे दाट जाळे आढळते. येथे पडलेले पाणी धावत सुटत नाही. ते मुरते आणि झऱ्यावाटे सावकाश बाहेर येते. उघड्या माळावरून तेच पाणी माती घेऊन निघून जाते.

मात्र येथे एक अडचण आहे. पिढ्यान्‌पिढ्या या रानाची राखण भीतीनेच केली. भीती गेली आणि तिच्या जागी समज आली नाही, तेथे कुऱ्हाड शिरली. कित्येक ठिकाणी तर श्रद्धा शाबूत असूनही देवाचे मंदिर मोठे बांधण्यासाठी देवाचीच झाडे विकली गेली!

पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीतील वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी सह्याद्रीतील देवरायांचा अभ्यास करून १९७६ साली त्यावर निबंध प्रसिद्ध केला. श्रीवर्धन तालुक्यातील गाणी गावच्या देवराईवर तोडीचे संकट आले, तेव्हा गावकऱ्यांनी या अभ्यासकांचे साहाय्य मागितले. रान का राखावयाचे, याचे कारण त्यांनी सांगितले ते त्या रानातून येणाऱ्या ओढ्याचे. गावाचे पाणी त्या ओढ्यावर अवलंबून होते.