मुष्टियुद्ध : एका विद्यार्थिनीच्या वर्षभराच्या प्रकल्पाविषयी

आमच्या विद्यालयात इयत्ता नववीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वर्षभर एकाच विषयाचा पाठपुरावा करून संशोधन-प्रकल्प लिहावा, असा प्रघात आहे. विषय विद्यार्थ्यानेच निवडावयाचा असतो. लेणी, किल्ले, गावची जत्रा, आजोबांच्या काळातील गिरणी असे विषय बहुधा येतात. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने कागदावर ‘बॉक्सिंग’ एवढा एकच शब्द लिहून दिला, तेव्हा आम्ही तो कागद तिला परत केला होता, हे प्रथमच सांगितले पाहिजे. जेथे रोज सकाळी पंचशील म्हटले जाते तेथे ठोसेबाजीवर प्रकल्प कसा, असा प्रश्न शिक्षकखोलीतही निघाला. तिचा थोरला भाऊ सैन्यभरतीच्या तयारीबरोबर तालुक्याच्या गावी बॉक्सिंग शिकत होता. ती दुसऱ्या दिवशी पुन्हा आली आणि म्हणाली, “सर, मला ठोसा मारायला शिकायचे नाही. कोणाला रिंगणात येऊ दिले आणि कोणाला नाही, ते शोधायचे आहे.” इतिहासाच्या शिक्षकाने यावर नकार कोणत्या तोंडाने द्यावा?

पहिले तीन महिने नियमांत गेले. इंग्लंडमध्ये जॅक ब्रॉटन यांनी 1743 साली पहिले लेखी नियम केले. खाली पडलेल्यास मारू नये आणि कमरेखाली धरू नये, ही बंधने तेव्हाची. आज आपण जे मुष्टियुद्ध पाहतो त्याचा सांगाडा 1867 च्या नियमांचा आहे : तीन मिनिटांची फेरी, एक मिनिटाची विश्रांती, पडलेल्यास उठण्यासाठी दहा सेकंद आणि हातांत मोजे. हे नियम क्वीन्सबरीच्या मार्क्विसच्या नावाने ओळखले जातात. प्रत्यक्षात ते जॉन ग्रॅहम चेंबर्स यांनी लिहिले. लिहिणारा एक आणि नाव सरदाराचे, अशी टीप तिने समासात केली होती. ती खोडावी असे आम्हांस वाटले नाही.

प्रकल्पाचा खरा गाभा पुढे आहे. अमेरिकेत हेवीवेट अजिंक्यपदासाठी कृष्णवर्णीयाने लढू नये, असा नियम कोणत्याही पुस्तकात लिहिलेला नव्हता. मग बंदी चालत कशी असे? अजिंक्यवीराने कोणाचे आव्हान स्वीकारावे, हे तोच ठरवीत असे. जॉन एल. सुलिव्हन यांनी कृष्णवर्णीयाशी लढणार नाही असे उघडपणे जाहीर केले आणि त्यांच्या पाठीमागून आलेल्यांनीही तीच वाट धरली. नियम नाही, म्हणून दाद मागावयाची जागा नाही. प्रत्येक जण केवळ आपली ‘निवड’ करीत होता. आपल्या गावच्या विहिरीवरही पाटी कधी लावलेली नव्हती. हा धागा आम्ही तिला सुचविला नाही, तो तिचा तिनेच ओढला.

जॅक जॉन्सन यांनी ही भिंत फोडली ती अमेरिकेत नव्हे, ऑस्ट्रेलियात. 26 डिसेंबर 1908 रोजी सिडनी येथे त्यांनी टॉमी बर्न्स यांना असे हरविले की चौदाव्या फेरीत पोलिसांनी लढत थांबविली. त्यानंतर ‘गोऱ्यांची आशा’ म्हणून निवृत्त अजिंक्यवीर जेफ्रीज यांना परत आणण्यात आले. 4 जुलै 1910 रोजी रीनो येथे तेही हरले. त्या रात्री अनेक शहरांत कृष्णवर्णीयांवर हल्ले झाले, माणसे मेली. 1912 साली मुष्टियुद्धाचे चित्रपट एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यास बंदी करणारा कायदा झाला. 1913 मध्ये केवळ गोऱ्या पंचांच्या ज्यूरीने जॉन्सन यांना गोऱ्या स्त्रीशी असलेल्या संबंधांवरून दोषी ठरविले आणि त्यांनी देश सोडला. त्याच वर्षी जुलैमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी न्यूयॉर्कला पोहोचले. यावरून काही सिद्ध होत नाही. परंतु दोन तारखा वहीत शेजारी आल्या तेव्हा तिने त्यांखाली रेघ ओढली.

1915 मध्ये जॉन्सन हरले आणि पुढील कृष्णवर्णीय हेवीवेट अजिंक्यवीर होण्यास 1937 साल उजाडावे लागले. ते जो लुई. गोऱ्या प्रतिस्पर्ध्यास हरविल्यावर आनंद दाखवू नये, गोऱ्या स्त्रीसोबत छायाचित्र काढू नये, अशी ताकीद त्यांना त्यांच्याच व्यवस्थापकांनी दिली होती. आपल्याकडील पालवणकर बाळूंची आठवण येथे येणारच. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात 114 बळी घेणाऱ्या या गोलंदाजाकडे हिंदू संघाचे कर्णधारपद आले नाही. ते त्यांचे बंधू विठ्ठल यांना 1923 मध्ये मिळाले.

आता आमची चूक. महंमद अली यांची एक कथा आम्ही परिपाठात कित्येक वर्षे सांगत आलो. 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवून अठरा वर्षांचा हा तरुण लुईव्हिलला परतला, केवळ गोऱ्यांसाठी असलेल्या उपाहारगृहात त्याला खाणे नाकारले गेले आणि त्याने संतापून पदक ओहायो नदीत फेकले. सांगताना आमचा आवाज चढे, मुले स्तब्ध होत. फेब्रुवारीत ती आमच्यासमोर वही घेऊन उभी राहिली. ही कथा 1975 साली अली यांच्या नावाने निघालेल्या आत्मचरित्रातून पसरली. पुढे त्यांच्या निकटच्या माणसांनीच ती खरी मानली नाही, पदक हरवले होते असे सांगितले. 1996 मध्ये अटलांटा येथे त्यांना दुसरे पदक देण्यात आले.

आम्हांस राग आला, हे मान्य करतो. आम्ही म्हणालो, “कथा खरी नसेलही, पण अपमान खरा होता.” ती म्हणाली, “सर, अपमान खरा होता म्हणूनच खोटी गोष्ट लागत नाही.” मग तिने 1967 काढले. व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात भरती होण्यास अलींनी नकार दिला, किताब गेला, पाच वर्षांची शिक्षा झाली. अपिलामुळे ते तुरुंगाबाहेर राहिले, तरी ऐन उमेदीची साडेतीन वर्षे रिंगणाबाहेर गेली. 1971 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली. या सर्वांचे कागद आहेत. इतिहासात एम. ए. केलेल्या माणसास पुराव्याचा धडा चौदा वर्षांच्या मुलीकडून मिळावा, यात संकोच आहे आणि थोडे समाधानही.

दुखापतींवरचे प्रकरण छोटे आहे, पण ते वगळू नका असे आम्ही पालकांना सांगतो. मोजे हाताची हाडे वाचवितात, मेंदू वाचवीत नाहीत. डोक्यावर वारंवार बसलेल्या ठोशांचे परिणाम 1928 पासून वैद्यकीय लेखनात नोंदलेले आहेत. भावाने हे प्रकरण वाचले. त्याने बॉक्सिंग सोडले नाही. सरावात डोक्यावर मार घेणे मात्र कमी केले, असे ती सांगते.

आपल्या राज्यातील म्हणून तिने सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर घेतले. सैन्यातील हा मुष्टियोद्धा 1965 च्या युद्धात जखमी झाला, पोहू लागला आणि 1972 मध्ये हायडलबर्ग येथे पॅरालिंपिकचे सुवर्णपदक घेऊन आला. मुलींसाठी ऑलिंपिकचे रिंगण 2012 मध्ये उघडले आणि त्याच वर्षी मेरी कोम यांनी कांस्यपदक मिळविले, याला तिने एकच पान दिले. अधिक द्यावयास हवे होते, असे आमचे मत तेव्हाही होते.

प्रकल्प ग्रंथालयात आहे. परिपाठाची जुनी वहीही तेथेच आहे. अलींच्या कथेचे आमचे टिपण आम्ही फाडले नाही. त्याखाली तिच्या अक्षरात चार ओळींची दुरुस्ती आहे आणि खाली आमची सही.