आदल्या दिवशीची भेट

एका वाचक महिलेचं पत्र आलं आहे. वजन कमी करण्यासाठी स्लीव्ह (जठराचा काही भाग काढण्याची) शस्त्रक्रिया करायचं ठरलं आहे, तपासण्या झाल्या आहेत, सर्जनवर विश्वास आहे. पण तारीख जवळ येते तशी झोप उडाली आहे. सासूबाई म्हणतात, "चांगल्या पोटाला कात्री कशाला लावायची?" भाऊ म्हणतो, "तोंडावर ताबा ठेवलास तर हे सगळं हवंच कशाला?" पत्राच्या शेवटी त्यांनी विचारलं आहे : "इतकी भीती वाटते, म्हणजे माझ्या मनाची तयारी झालेली नाही का?"

भीती वाटते म्हणजे तयारी नाही, असं मुळीच नाही. उलट ही भीती नीट हाताळली तर शस्त्रक्रियेनंतरच्या वेदना कमी होतात, हे साठ वर्षांपूर्वीच दिसून आलं आहे. ते दाखवणाऱ्या माणसाचं नाव मात्र फारसं कुणी घेत नाही.

आधी धोक्याचे आकडे पाहू. अमेरिकेतल्या दहा केंद्रांचा एक मोठा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झालेल्या साडेचार हजारांहून अधिक रुग्णांपैकी पहिल्या तीस दिवसांत दगावलेल्यांचं प्रमाण ०.३ टक्के होतं, म्हणजे हजारात तीन. स्वीडनमध्ये लार्स श्यॉस्ट्रम यांच्या पुढाकाराने १९८७ पासून चार हजारांवर स्थूल व्यक्तींचा पाठपुरावा झाला. त्यातल्या साधारण निम्म्यांनी शस्त्रक्रिया करून घेतली, बाकीच्यांनी नेहमीचे उपचार घेतले. शस्त्रक्रिया झालेल्या २०१० जणांपैकी पाच जण पहिल्या नव्वद दिवसांत गेले. पण सरासरी अकरा वर्षांच्या पाठपुराव्यानंतर पाहिलं तेव्हा याच गटात मृत्यूचं प्रमाण दुसऱ्या गटापेक्षा जवळपास एक चतुर्थांशाने कमी होतं.

हे आकडे दिलासा देतात, पण रात्री दोन वाजता जाग आली की 'हजारातल्या त्या तिघांत मीच असले तर?' एवढाच प्रश्न उरतो. तिथे टक्केवारी थिटी पडते आणि माणूस लागतो. यावरचा प्रयोग सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

बोस्टनचं मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटल वैद्यकाच्या इतिहासात अजरामर झालं ते १८४६ साली तिथे ईथरची भूल देऊन झालेल्या जाहीर शस्त्रक्रियेमुळे. पुढे तिथल्या भूलशास्त्र विभागाचे प्रमुख हेन्री बीचर प्लासिबोवरच्या (औषध नसलेल्या 'औषधा'च्या परिणामावरच्या) लेखनामुळे जगप्रसिद्ध झाले. त्यांच्याच विभागात लॉरेन्स एग्बर्ट नावाचे भूलतज्ज्ञ होते. शस्त्रक्रियेआधी रुग्णाशी नीट बोललं तर गुंगीच्या औषधाइतका तरी फरक पडतो का, असा प्रश्न त्यांना पडला. १९६३ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी त्याचं उत्तर प्रसिद्ध केलं. शस्त्रक्रियेआधी पेंटोबार्बिटल हे गुंगीचं औषध दिलेले रुग्ण पेंगुळले, पण शांत झाले नाहीत. भूलतज्ज्ञाने आधी भेटून ज्यांच्याशी बातचीत केली, ते मात्र शांत होते.

पुढच्याच वर्षीचा प्रयोग आणखी देखणा होता. पोटाची शस्त्रक्रिया होणारे ९७ रुग्ण त्यांनी घेतले. त्यांपैकी ५१ जणांना नेहमीसारखी वागणूक मिळाली. उरलेल्या ४६ जणांना भूलतज्ज्ञाने आदल्या दिवशी सविस्तर सांगितलं : दुखणार आहे, कुठे दुखेल, किती दुखेल, किती दिवस दुखेल. पोटावर छेद घेतला की दुखणं स्वाभाविक आहे. त्यातलं बरंचसं दुखणं जखमेखालचे स्नायू आकसल्यामुळे होतं, असं त्यांना समजावलं. ते सैल सोडायचे कसे, श्वास कसा घ्यायचा, पोटावर ताण न आणता कुशीवर कसं वळायचं, हे त्यांना शिकवलं. एवढं करूनही सोसवलं नाही तर औषध मागा, हेही सांगितलं. कोणाशी असं बोलणं झालं आहे, हे सर्जनना ठाऊक नव्हतं. पुढच्या दिवसांत या ४६ जणांना मॉर्फिनसारखी वेदनाशामकं निम्मीच लागली आणि सर्जननी त्यांना सरासरी २.७ दिवस आधी घरी सोडलं.

मला या प्रयोगातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते असं, की एग्बर्टनी रुग्णांची खोटी समजूत काढली नाही. 'काही होणार नाही, घाबरू नका' हे आपल्याकडचं ठरलेलं वाक्य त्यात कुठेच नव्हतं. 'दुखेल, आणि दुखलं की हे करा' असं त्यांनी सांगितलं. दोन दिवसांत नवं आयुष्य, वेदनांचं नाव नको, अशा जाहिराती वाचून दाखल झालेला रुग्ण पहिल्याच रात्री दुखायला लागलं की समजतो, काहीतरी बिघडलं. जाहिरातींचं हे नुकसान कुठल्याच बिलात दिसत नाही.

एका प्रयोगावर फार भिस्त ठेवू नये, म्हणून पुढचंही सांगतो. शस्त्रक्रियेपूर्वीच्या मानसिक तयारीवरच्या शंभराहून अधिक अभ्यासांचा कॉक्रेन संस्थेचा आढावा २०१६ साली निघाला. त्यात रुग्णालयातला मुक्काम सरासरी अर्ध्या दिवसानेच कमी झालेला दिसला. वेदनाही कमी झाल्या, पण पुरावा फार भक्कम नाही असं आढावा घेणाऱ्यांनी स्पष्ट म्हटलं आहे. एग्बर्टच्या काळी रुग्ण बरेच दिवस दाखल असत, त्यामुळे दिवस वाचायला वावही जास्त होता. परिणाम लहान असेल, पण त्याची दिशा बदललेली नाही आणि त्याला खर्च जवळजवळ शून्य आहे.

भीतीने वेदना का वाढावी, याचा एक धागा इटलीत तूरिनला सापडला. आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून कोलेसिस्टोकायनिन नावाचं संप्रेरक स्रवतं. पित्ताशय आकुंचन पावतं ते त्याच्यामुळे, आणि 'पोट भरलं' हा निरोप मेंदूला पोचवण्यातही त्याचा वाटा असतो. तेच रसायन मेंदूत आणि मज्जारज्जूतही सापडतं. फाब्रिझिओ बेनेडेटी यांनी १९९७ साली नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांमध्ये दाखवलं, की 'आता दुखणं वाढेल' असं सांगितल्यावर वाढणारी वेदना या रसायनाला अडवणारं औषध दिलं की वाढत नाही. जेवण पुरे झाल्याचं सांगणारा रेणूच धास्तीतून वेदना वाढवतो! वजनाच्या शस्त्रक्रियेला निघालेल्या माणसाने भीती आणि पोट यांचं नातं याहून नेमकं कुठे पाहावं?

आता सोबतीबद्दल. सॅन दिएगोचे जेम्स क्युलिक आणि हायका माहलर यांनी १९८७ साली हृदयाच्या बायपासची वाट पाहणाऱ्या पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या खोलीतला दुसरा रुग्ण कोण आहे, याने फरक पडतो का, हे त्यांना पाहायचं होतं. ज्यांचा सोबती शस्त्रक्रिया होऊन आलेला होता, ते आधी कमी घाबरले, नंतर जास्त हिंडले-फिरले आणि लवकर घरी गेले. सोबत्याचीही शस्त्रक्रिया व्हायची होती, तिथे हा लाभ दिसला नाही. त्यांच्याच १९९६ च्या मोठ्या अभ्यासात सर्वात सावकाश सुधारणा झाली ती खोलीत एकटे असणाऱ्यांची. स्वतंत्र खोली मिळाली की आपण नशीबवान समजतो. बरं होण्याच्या हिशेबात ती नेहमीच फायद्याची नसते.

हे आपल्याला नवं वाटू नये. पहिल्यांदा वारीला निघालेल्या माणसाला दिंडीतला जुना वारकरी सांगतो, की दिवे घाट चढताना दम लागेल, पायाला फोड येतील, अमुक ठिकाणी पाणी मिळेल. घाट तेवढाच उभा राहतो, पण चढणाऱ्याला आपला दम लागणं वावगं वाटत नाही. ऑपरेशन थिएटरबाहेर बसलेले नातेवाईक जीव लावतात, पण ते स्वतः त्या वाटेने गेलेले नसतात आणि बहुधा रुग्णाइतकेच घाबरलेले असतात. त्यांची माया हवीच. तिच्या जोडीला वाट चालून आलेलं एक तरी माणूस हवं.

वजनाच्या शस्त्रक्रियेत मात्र असं माणूस शोधणं अवघड होतं, कारण रुग्ण लपतो. हृदयाच्या रुग्णाला कुणी दोष देत नाही. स्थूल माणसाला सगळे देतात. म्हणून ऑफिसात पित्ताशयाचं ऑपरेशन सांगितलं जातं आणि चुलत्या-मावश्यांना काहीच सांगितलं जात नाही. 'तोंडावर ताबा ठेव' या सल्ल्याला विज्ञानाने कधीच उत्तर दिलं आहे. १९९९ साली जपानच्या कोजिमा आणि कांगावा यांनी घ्रेलिन हे भूक चेतवणारं संप्रेरक शोधलं. ते मुख्यतः जठराच्या वरच्या भागात तयार होतं आणि स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा जो भाग काढतात त्यात हा वरचा भाग येतो. २००२ साली सिअ‍ॅटलच्या डेव्हिड कमिंग्ज यांच्या गटाला आढळलं, की आहार कमी करून वजन उतरवलेल्यांच्या रक्तात घ्रेलिन वाढतं. म्हणजे माणूस जितका निग्रहाने खाणं तोडतो, तितकं त्याचं शरीर भूक चढवत जातं. याला आळस म्हणणं अन्यायाचं आहे.

'तू काही इतकी जाड नाहीस' म्हणणाऱ्यांसाठी पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं काम सांगायला हवं. त्यांनी आणि ब्रिटनचे जॉन युडकिन यांनी २००४ साली दाखवलं, की दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) सारखाच असूनही याज्ञिकांच्या अंगात युडकिन यांच्या दुपटीहून अधिक चरबी होती. भारतीयांसाठी बीएमआयच्या मर्यादा खाली आणाव्यात, या विचाराला अशा निरीक्षणांचा आधार आहे.

आता प्रत्यक्ष तयारीबद्दल. शस्त्रक्रियेआधीचे दोन आठवडे रुग्णाला फार कमी उष्मांकाचा, बहुधा पातळ आहार देतात. पुष्कळांना ती परीक्षा वाटते, पण तिचं कारण यकृत आहे. चरबीने सुजलेल्या यकृताचा डावा भाग जठरावर पसरलेला असतो आणि दुर्बिणीतून काम करताना तो उचलून धरावा लागतो. बारा आठवड्यांच्या अशा आहाराच्या एका अभ्यासात यकृताचा आकार जेवढा कमी झाला, त्यातला ८० टक्के भाग पहिल्या दोन आठवड्यांतच कमी झाला होता. हे कळलं की त्या दिवसांना अर्थ येतो. आपल्या सुरक्षिततेसाठी रुग्ण स्वतः काही करू शकतो, आणि भीती कमी व्हायला एवढं पुष्कळदा पुरतं.

सोबत टाके भरेपर्यंतच नको. स्वीडनच्या नोंदींत शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये स्वतःला इजा करण्याचं आणि आत्महत्येचं प्रमाण काहीसं अधिक आढळलं आहे. आकडा लहान आहे, पण तो लपवू नये. आधीपासून नैराश्य असेल, दारूची सवय असेल, पूर्वी जीव नकोसा झाला असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाला ते मोकळेपणाने सांगावं. त्यांची भेट परवानगीचा शिक्का मिळवण्यापुरती नसते. रुग्णांच्या आधारगटांना जाणाऱ्यांचं वजन जास्त उतरतं, असंही अनेक अभ्यास सांगतात. ते वाचताना एक लक्षात ठेवावं, की ज्यांचं बरं चाललेलं असतं तेच बैठकांना येत राहतात. म्हणून आपला गट चांगला आहे का, हे तिथल्या यशोगाथांवरून ठरवू नये. वजन पुन्हा वाढलेल्या माणसाला तिथे मान वर करून बसता येतं का, ते पाहावं.

आपल्याकडे भूलतज्ज्ञाची गाठ पडते ती बहुधा 'फिटनेस'च्या कागदावर सही घेण्यापुरती. ती भेट रुग्णाने हक्काने लांबवावी. जाग आल्यावर कुठे दुखेल, किती वेळ. मळमळ झाली तर काय देणार. उठून चालायचं कधी. रात्री कुणाला हाक मारायची, हे विचारावं आणि उत्तरं लिहून घ्यावीत. अशीच शस्त्रक्रिया वर्षभरापूर्वी झालेल्या एखाद्या रुग्णाशी, त्याच्या संमतीने, बोलणं करून द्या, असं सर्जनना सांगावं. रुग्णालयं पॅकेजमध्ये खोलीचं भाडं आणि जठर शिवणाऱ्या स्टेपलरची किंमत लिहितात. या दोन भेटीही त्याच कागदावर लिहिल्या पाहिजेत. त्यांना यंत्र लागत नाही, परदेशी औषध लागत नाही, आणि त्यातल्या पहिल्या भेटीचा चांगला पुरावा तर १९६४ पासून उपलब्ध आहे.