मालाबरोबर चिठ्ठीही जावी

धान्याच्या आडत्याने स्नो-पावडरीविषयी लेखणी उचलावी, याचे कित्येकांस नवल वाटेल. परंतु आपल्या मंडळात कटलरीचा व सौंदर्यप्रसाधनांचा व्यापार करणारे बंधू आहेत, आणि ही गोष्ट बऱ्हाणपुराहून फार दूरची नाही.

सन २०२३ मध्ये अकोल्याच्या एका कुटुंबाची हकीकत वृत्तपत्रांतून आली. मुलीने गावातीलच सौंदर्यालयातून गोरेपणाचे क्रीम आणले. रंग उजळला, म्हणून आई व बहीणही ते लावू लागल्या. पुढे तिघींचीही मूत्रपिंडे बिघडली. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात तपास झाला, तेव्हा क्रीममध्ये पारा निघाला. पाऱ्यामुळे त्वचेत रंगद्रव्य बनत नाही, म्हणून चेहरा उजळतो. पण तो रक्तात शिरून मूत्रपिंडांत साठतो. टॉवेल-उशांवाटे तो घरातील लहान मुलांपर्यंतही पोहोचतो. सन २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांप्रमाणे अशा क्रीममध्ये नकळत आलेला पारासुद्धा दशलक्षात एका भागाहून अधिक चालत नाही.

आम्हां धान्यवाल्यांस पारा अपरिचित नाही. सन १९७१ मध्ये इराकने मेक्सिकोहून पेरणीसाठी गहू आणविला. त्यास पाऱ्याचे औषध व ओळखीसाठी रंग लावलेला होता. पोत्यांवर इशारा होता, पण स्पॅनिश भाषेत! शेतकऱ्यांनी रंग धुतला, विष गेले असे मानले आणि भाकरी केल्या. ६,५३० माणसे रुग्णालयांत गेली. त्यांपैकी ४५९ दगावली.

माझ्याच गोदामात एकदा हमालाने औषध लावलेले बियाणे साध्या बारदानात ओतले. चिठ्ठी जुन्या पोत्यालाच राहिली. गुलाबी दाणा दिसला म्हणून गिरणीची गाडी थांबविली. त्या रात्री मला झोप आली नाही.

क्रीमच्या धंद्यात हेच घडते. रसायनाचा कारखानदार मालासोबत सुरक्षा-पत्रक देतो. क्रीम करणाऱ्यानेही उलट त्यास कळवावयाचे असते, की हा पदार्थ मी कशात घालणार. साबणातील द्रव्य क्षणात धुतले जाते, क्रीममधील रात्रभर अंगावर राहते, आणि कारखान्यातील मजूर त्याची भुकटी दिवसभर श्वासातून घेतो. द्रव्य एकच, धोका तिघांचा निरनिराळा. मग माल घाऊक व्यापाऱ्याकडे येतो, सुटा होतो, पांढऱ्या डबीत भरला जातो आणि कागद केरात जातो. डबीवर ना उत्पादकाचे नाव, ना घटकांची यादी, ना बॅच क्रमांक. पुष्कळदा हा कागद आपल्याच गल्ल्याशी हरवतो, हे कबूल केले पाहिजे.

परवा आमच्या घरीच अशी एक डबी सापडली. सूनबाई म्हणाली, "मामंजी, दुकानदार ओळखीचाच आहे." मी ती घेऊन त्याच्याकडे गेलो. त्याच्यापाशी बिल नव्हते, कागद नव्हता. ज्याने माल दिला त्याचा पत्ता मात्र त्याने लिहून दिला आहे. दिवाळीपूर्वी तेथेही जाऊन येणार आहे.